थोरल्या दिरासमोर

मदत केंद्रातल्या मॅडमबाईंना,

नमस्कार घालत न्हाई, राग लई हाय. माझी नातसून मैना लातुरात शिकवणीच्या पोरींच्या मेसमधी चपात्या लाटत होती. मेसच्या मालकानं तिच्या अंगावर हात टाकला. ती तुमच्या दारी आली, अन् तुम्ही लिहून दिलं, "पीडितेची तक्रार नाही."

तिला मराठी तोडकी येती म्हणून गोंडी बोलणारं माणूस शोधलं, इथवर बरं केलं. पण बोलावलं कुणाला? सुदामला! तो माझा नातू, पण तिचा थोरला दीर. आमच्यात बाई थोरल्या दिरासमोर तोंडातून शब्द काढत न्हाई. अन् तुम्ही त्याच्याच तोंडून तिला विचारता, "कुठं हात लावला, सांग"? तो भिंतीकडं तोंड करून बसला, ती पदर दातात धरून. तुम्ही तेवढ्यावर सही ठोकली.

तुम्हाला कळत न्हाई असं कसं म्हणू? भूकंपानंतर मी औशाकडं घरांच्या विटा वाहत होते. तिथल्या मदतीच्या तंबूत तुमच्या बायांचं दुखणं बायाच ऐकायच्या, गडी बाहेर. आमची बाई आली की कुणीबी चालतं व्हय?

हे पत्र टपालात टाकत न्हाई, तुम्ही त्यालाबी फायलीत निजवाल. सोमवारी हे पत्र अन् मैनाला घेऊन मीच येते. सगळे गडी दाराबाहेर काढा. ती गोंडीत बोलंल, मी मराठीत सांगीन, तुम्ही लिहायचं. मालकाचं नाव पहिल्या ओळीत.

मैनाची आजेसासू,
जंगूबाई आत्राम, किनवट