वहिनीची करडई

३ ऑक्टो.
जतहून तणनाशक घेऊन आलो तोवर अण्णाची पेरणी उरकलेली. चार एकर ज्वारी, ओल झकास. अण्णा म्हणाला, "एवढ्या साली तुझं ऐकतो. फसलं तर तुझा पंप परत ह्या बांधावर दिसायचा न्हाई." बरं म्हटलं. थोरला आहे, वीस वर्षं मी ट्रकवर, रान त्यानंच राखलं. पण खुरपायला बाया आणायच्या कुठनं? सगळ्या ऊसतोडीच्या तयारीत. उरली एकटी वहिनी आणि तिचे दुखरे गुडघे.

४ ऑक्टो.
सकाळी वारा पडलेला, काही उगवायच्या आत फवारून घेतलं. फवारलेल्या मातीवर पाय नको म्हणून उलटं चालत. रस्त्यावरनं कुणीतरी, "ड्रायव्हर, रिव्हर्सच पडलाय काय रं?" तोंडानं हॉर्न वाजवला नि मागं चालत राहिलो. मधेच नोझलचा आवाज बदलला. कचरा. इंजिन ऐकण्यात जन्म गेलाय, एवढं कळतं.
वहिनी बांधावर. "आमच्या खुरप्याला काय रोग आलाय व्हय, भावजी?"

१० ऑक्टो.
ज्वारी वर. ओळी सरळ, मधलं रान काळंभोर, गवत औषधाला नाही. अण्णा न बोलता दोन चकरा मारून गेला. हे मी जिंकलो धरतो.
काही ओळींत दुसरंच काहीतरी उगवलंय. बघायला पाहिजे.

१५ ऑक्टो.
करडई. पिवळी, पानांच्या कडा भाजलेल्या. अण्णा पेरायला पाभर हाकतो तेव्हा वहिनी मागं जादा नळी बांधून मुठीनं करडई सोडत चालते. घरच्या तेलापुरती. दरसाल. पेरणीला मी घरी कधी होतो? आणि विचारलंही नाही. ज्वारी सोसते, करडई नाही, डब्यावर छापलंय. वाचलं होतं. आपल्याला काय करायचंय म्हणून...
वहिनी : "आता तेल कुठलं, तुमच्या पंपातलं?"
अण्णा : "बोललो व्हतो मी."
"आवं अण्णा, ज्वारी बघा की! जळलीय का?"
चूक माझी, औषधाची नाही. दोन्ही तितक्याच मोठ्यानं सांगणार.

२३ ऑक्टो.
करडई पार गेली. शेजारच्या रानात घोळ नि गाजरगवत ज्वारीला भिडलंय. आपल्यात नाही. नाहीच.
दुपारी बघतो तर वहिनी रिकाम्या ओळीत बसून परत करडईचं बी टोकतेय. शेजारी पाण्याची घागर.
"मातीत औषध हाय अजून. वर येऊन परत मरंल, वहिनी."
"आन् जगली तर?"
"तर पंप तुमच्या हातानं विका."
"मेली, तर फुडच्या साली मला इचारल्याबिगर फवारायचं न्हाई."
व्हय म्हणून बसलो. कसंही झालं तरी तिचंच खरं, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. लय हुशार बाई.

३१ ऑक्टो.
वहिनी रोज सकाळी बघून येते. आज तिच्याआधी गेलो. दोन कोंब वर. बोटानं माती सारून पानांच्या कडा बघितल्या, भाजल्यात का. पान उन्हाकडं वळवून परत बघितल्या. मागं चपला वाजल्या. वहिनी.
"हिरवी हाय का?"
"आज हाय."