दोरीच्या टोकाला नातू

३ नोव्हेंबर, सकाळ
लेखनाला प्रारंभ. विषय: आमच्या इमारतीतील डिजिटल विषमता. भांडवल केवळ पैशाचे नसते, ज्ञानाचेही असते, हे मी अलेक्झांड्रियाच्या कॉलेजात शिकले तेव्हा या लोकांनी फोन पाहिलाही नव्हता. सर्वांत वंचित: दुसऱ्या मजल्यावरची वगदीची आई. शिक्षण चौथी. फोनवर लोणची विकते. म्हणजे यंत्र आहे, दृष्टी नाही.

४ नोव्हेंबर
माझे इंटरनेट बंदच. तक्रार इंटरनेटवरूनच करा, असे कंपनीचा माणूस म्हणाला. मी फोन आपटला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर
भाजीची टोपली बाल्कनीतून सोडताना शोध लागला. ईदला वगदीच्या आईने माझ्या फोनवर तिचे वायफाय लावून दिले होते, ते तिच्या खिडकीपाशी अजून लागते. फोन टोपलीत घालायचा, खाली सोडायचा, मेसेज भरले की सहाव्या मजल्यावर ओढायचा. ही चोरी नव्हे. संसाधनांचे पुनर्वाटप.
हॅम्बुर्गहून मुलीचा, नेव्हीनचा मेसेज: आई, रविवारी चार वाजता बाळाचा सातवा दिवस, व्हिडिओवर ये. पहिला नातू. अजून पाहिला नाही. फोटो उघडण्याआधीच टोपली वर आलेली असते.

७ नोव्हेंबर
वगदीच्या आईने जिन्यात गाठले. म्हणाली, इन्साफबाई, तुमची टोपली रोज माझ्या खिडकीत लोंबते, त्यापेक्षा घरात या की, कॉफी टाकते. मी म्हणाले, मी इमारतीवर लेख लिहिते आहे, निरीक्षकाने अंतर राखायचे असते. म्हणाली, राखा बापडे, पण दोरी जुनी झालीय हो.

८ नोव्हेंबर, रविवार, दुपार
योजना: कॉल वाजला की झटकन वर ओढणे. वायफाय थोडे तरी दोरीबरोबर येईलच.

संध्याकाळ
वाजला. ओढणार, तोच वगदीच्या आईने टोपली धरली. ओरडली, ओढू नका बाई, नातू जाईल! कॉल तिनेच घेतला. सातव्या दिवशी बाळाच्या कानाशी बडवतात तसा खलबत्ता टोपलीशी बडवला: ऐक रे बाळा, आईचं ऐक, बापाचं ऐकू नको, वरच्या आजीचं तर मुळीच नको, तिला नेट नाही! नेव्हीन खदखदून हसली. मला वरून फक्त वगदीच्या आईचा डोक्यावरचा रुमाल दिसला. मी ओरडून विचारले, कुणासारखा आहे? म्हणाली, तुमच्यासारखाच, कपाळाला आठ्या!
मग कॉल संपला.

९ नोव्हेंबर
दुसऱ्या मजल्यावर जायला जिनाही आहे, हे मला आधी कुणी सुचवले नाही. उतरले. वगदीच्या आईने कालच्या कॉलमधला बाळाचा फोटो काढून ठेवला होता. आठ्या माझ्याच. बराच वेळ पाहिला. दुसरी कॉफी ओतताना तिने विचारले, तुमच्या त्या लेखाचं काय झालं? मी म्हणाले, सर्वांत वंचित व्यक्ती सापडली आहे, पण ती मुलाखत द्यायला तयार नाही.