मुळ्याच्या वाकड्या चकत्या

साकाई, ७ नोव्हेंबर १९७४

चि. फुमिएस अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात मी दिलेल्या सुरीने मुळ्याच्या चकत्या वाकड्या पडतात, हे तू हसतहसत लिहिलंस, पण माझं जेवणावरचं मन उडालं. पातं लोहार नागुमो घडवतो, तरी त्याला एका बाजूने घासून, उतार देऊन धार काढतो मी, चाळीस वर्षं. पोटच्या पोरीचीच सुरी वाकडी चालते म्हणजे डोळ्यांनी दगा दिला. महिनाअखेर काम थांबवून धारेचा दगड उचलून ठेवणार आहे. तुझी आई म्हणते, घरात बसलात तर माझं डोकं खाल.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ कमी करू नये.

बाबा

मात्सुयामा, १२ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हात जोडते, दगड उचलू नका! खोट सुरीत नाही, माझ्यात आहे. लहानपणी जेवताना तुम्ही मला डावा हात मांडीखाली दाबून बसवायचात. मी सुधारले, असं तुम्हाला वाटलं. तुमच्यासमोर उजव्यानेच जेवते, पण स्वयंपाकघरात सुरी आपसूक डाव्या हातात येते. आधीच्या बाजारच्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार होता, म्हणून निभावलं. तुमच्या सुरीचा उतार एकाच बाजूला, उजव्या हाताचा. मुळा वाकडा जाणारच.

हे म्हणतात, स्वतःच्या बापाला वीस वर्षं बनवणारी बायको मला मिळाली, आता माझं काय खरं! रागवा हवं तर, पण काम सोडू नका. मला फार वाईट वाटतंय.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपली फुमिए

साकाई, २ डिसेंबर

चि. फुमिएस अ. आ.

रागावलो. दोन दिवस तुझ्यावर, मग स्वतःवर. तुझ्या आईला सगळं आधीपासून ठाऊक होतं म्हणे. घरात आंधळा मी एकटाच.

सोबत नवी सुरी पाठवतोय. उतार डाव्या बाजूला आहे. जन्मभराची सवय उलटी फिरवताना दोन पाती वाया घालवली. तिसरं मागायला गेलो तेव्हा नागुमोने विचारलं, कुठलं एवढं नखरेल गिऱ्हाईक? मी सांगितलं, माझी मुलगी डावरी आहे. हे जन्मात पहिल्यांदा बोललो. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

नववर्षाला दोघं या. मुळा तूच कापायचास, माझ्यासमोर बसून. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसेन.

माया होती तशीच असू दे.

बाबा