येळवशीच्या दिवशीची ओहोटी

८ नोव्हेंबर, शनिवार. नांदेड

आज झालं ते असं:

१. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून तारीख धरली. १९ डिसेंबर, अमावस्या. त्या सकाळी समुद्र लांब मागे जातो.
२. जामनगरपर्यंतची तीन तिकिटं काढली. आई, अप्पा, मी.
३. तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या वाटाड्याशी बोलले. पाणी ओसरलं की तो माणसांना समुद्राच्या तळावरून पायी नेतो. आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. म्हणाला, "धीरे चलेंगे, बेन."
४. संध्याकाळी जळकोटला फोन. अप्पांनी तारीख विचारली. सांगितली.
५. अप्पा म्हणाले, "त्या दिशी येळवस हाय की गं."
६. फोन ठेवून कॅलेंडर उघडलं. खरंच होती.

अमावस्या मला माहीत होती. ती मार्गशीर्षातली, म्हणजे आमची येळवस, वेळ अमावस्या आहे, हे बघितलंच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. खोली आवरली. मग परत आवरली.

येळवशीला पुण्या-मुंबईची माणसं रजा काढून लातूर जिल्ह्यात येतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पूजा, ज्वारीवर आंबील शिंपडायची, मग पंगत. मी त्याच दिवसाची, उलट्या दिशेची तिकिटं काढली. बरं, आमचं शेत म्हणजे गावातली निम्मी पंगत. लोक येतात ते आईच्या भज्जीसाठी, म्हणजे शेंगा-पालेभाज्या बेसनात कालवून केलेल्या भाजीसाठी. हे अप्पाच सांगतात, "बोलावणं माझं, येणं तिच्या भज्जीला."

कारखान्यात मी दाब मोजणारी गेजं तपासते. गेज बरोबर आहे का हे नंतर, ते कुठल्या पाइपवर बसवलंय ते आधी बघा, असं नव्या मुलांना मीच सांगते.

तारीख हलवता येते का ते बघितलं. पौर्णिमेलाही पाणी असंच ओसरतं. पण माझी रजा १७ ते २१ डिसेंबर एवढीच. २२ पासून दुरुस्तीसाठी प्लांट बंद, तेव्हा मला हलता येत नाही. २९ ला आईचं ऑपरेशन, दोन्ही गुडघे. डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. आता पट्टा बांधून, काठी घेऊन थोडं चालली तर चालेल. ऑपरेशननंतर ओल्या, उंचसखल दगडांवर पाय ठेवायचा नाही. पुढेही नाही.

म्हणजे हीच अमावस्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे सगळं कुठून निघालं, ते लिहून ठेवते. नंतर मला वाटायला नको की मीच कल्पना केली.

मागच्या हिवाळ्यात लातूरला आईचे गुडघे दाखवायला गेलो होतो. दवाखान्यात टीव्ही चालू, आवाज बंद. माणसं समुद्राच्या तळावरून चालत होती. खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे, तारामासे.

"पाणी कुठं गेलं?"
"ओहोटी आहे."
"परत येतं?"
"येतं. सहाएक तासांनी."
"तवर हे सगळं उघडं?"
"हो."

मग आमचा नंबर येईपर्यंत ती टीव्हीकडेच बघत होती. उठताना म्हणाली, "मला बघायचंय हे."

आईच्या तोंडून 'मला' आणि 'बघायचंय' हे दोन शब्द एकापुढे एक मी त्याआधी ऐकलेले नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार. जळकोट

काल दुपारच्या एसटीने मुखेडमार्गे आले. तूर फुलावर आहे. अप्पांचं कृषी केंद्र बंद होतं, ते जेवायला घरी आले होते. कपाळावरची विभूती घामाने अर्धी पुसलेली. 'आलीस?' एवढंच.

रात्री जेवताना विषय काकूंनी काढला. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. शेजारीच घर आहे, पण चुलीपुढे दोघी एकत्र.

"काय गं भागू, गुजरातच्या समुद्राचं टायमिंग तुला कळतंय, आन् आपल्या येळवशीचं कळंना?"

अप्पा हसले. मीही हसले, जरा उशिरा.

आई म्हणाली, "मी कुठं म्हणले जायचंय म्हणून?"
"म्हणालीस. दवाखान्यात."
"टीव्ही बघताना माणूस काय बी म्हणतंय. येळवस टाकून कुणी जातं का? लोकं दारात येऊन विचारतील, अक्का कुठं हाय. काय सांगावं? समुद्र बघाया गेली?"
"तसंच सांगू की," काकू म्हणाल्या. "भज्जी मी करते."
"तू?"
"दोन वर्सं मीच केलती. तुमी भागूला घेऊन लातूरला व्हता. कोण मेलं का खाऊन?"
"मेलं न्हाई. पण घट्ट झालती."
"घट्ट झालती तर डबा रिकामा कसा आला वापस?"

आईने काकूंच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्यांनी नको म्हणून हात आडवा धरला होता, तरी टाकली.

अप्पा हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. ते येणार का, हे विचारायचं राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. नांदेड

तो डबा माझ्या लक्षात आहे.

अकरावी-बारावीला मला लातूरला ठेवायचं ठरलं, तेव्हा अप्पा, काका आणि शाळेतले सर ओट्यावर बसले होते. क्लास, खोली, मेस, सगळं बोलून झालं. मेसचं खाऊन पोरगी आजारी पडेल, असं काका म्हणाले. मग आईने बरोबर जायचं, असं ठरलं. आई तेव्हा आत चहा करत होती. बाहेर घेऊन आली, तेव्हा तिला सांगण्यात आलं.

क्लासच्या मागच्या गल्लीत एक खोली. पत्र्याकडे उघडणारी एक खिडकी. मी अभ्यास करायची, आई दिव्याच्या पलीकडे, दिव्याकडे पाठ करून बसायची, माझ्या वहीवर सावली पडू नये म्हणून. त्या गल्लीत अशाच पोरांबरोबर आलेल्या आया होत्या. पाण्याच्या टाकीपाशी त्यांच्या ओळखी झाल्या. आई त्यांना गावाकडचं सगळं सांगायची. मला फक्त 'झोप आता' म्हणायची.

दोन्ही येळवशींना आम्ही जळकोटला गेलो नाही, माझ्या परीक्षा होत्या. दोन्ही वेळा काकूंनी एसटीच्या वाहकाकडे भज्जीचा डबा आणि बाटलीत आंबील दिली. आईने डबा उघडला, बोटाने चाखली, म्हणाली, "घट्ट हाय." मग भाकरीने पुसून पुसून सगळी खाल्ली. मी पुस्तकात बघत होते.

आज मी जे काही नीट करते ते त्या खोलीत शिकले. दिव्याकडे पाठ करून बसलेलं माणूस समोर असताना चुकीचं उत्तर लिहायला नको वाटायचं. हे तिला सांगितलेलं नाही. कसं सांगतात, ते येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अप्पांचा फोन. स्वतःहून. बियाण्याच्या कामाला मुखेडला गेले होते.

"तुझ्या आईच्या पायाचा नंबर किती?"
"तुम्हाला माहीत नाही?"
"ती तिची आणती चप्पल. मला काय ठाव?"
"सहा. का?"
"त्या दगडावर बूट घालून चालावं लागतंय म्हणली होतीस न्हवं. रबराचे घेतले. सात नंबर मिळाले. आत मोजा घालंल."
"म्हणजे तुम्ही येणार?"
"दोन जोड घेतलेत म्हणलं की."

'दोन जोड' त्याआधी म्हणाले नव्हते. ते जाऊ दे.

मग आवाज खाली आणून:

"भागू, एक करशील? मी हो म्हणलो असं तिला सांगू नको. ती माझ्यासाठी हो म्हणती, न्हाईतर माझ्यासाठी न्हाई म्हणती. लग्न झाल्यापासून हेच चालू हाय. तिचं तिला ठरवू दे."

"येळवशीचं काय?"
"कोप मी आदल्या आठवड्यात बांधून देतो. पूजा भाऊ करतोय. आपलं रान काय आपण नसलो तर रुसणार हाय का?" मग स्वतःच म्हणाले, "रुसलं तर पुढल्या साली समजूत काढू."

अप्पांना मी आजवर तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस समजत होते. हो किंवा नाही म्हणणारा, मधे काच. आजपासून तसं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर दिवसभर गेजं. एक चुकीचं निघालं, बदललं.

संध्याकाळी काकूंचा फोन, हसतच.

"अक्का काल बूट घालून गोठ्यापतोर गेल्या गं. म्हैस बुजली ना! दावं तोडाया निघाली. मला म्हणत्या, कुणाला सांगू नको."
"मग मला का सांगताय?"
"तू कुणी हायस व्हय?"

एवढा आनंद मला काकूंमुळे याआधी झाला असेल, पण आठवत नाही.

मग त्यांनीच पुढे सांगितलं. सकाळी आई परसातल्या चाकवताच्या वाफ्यापाशी बसून होती. येळवशीपर्यंत पाला बरोबर तयार होतोय म्हणाली. वालाच्या शेंगा कुणाकडून आणायच्या तेही ठरवलंय. आंबिलीची बिंदगी, ते मातीचं मडकं, माळ्यावरून खाली काढून ठेवलंय.

म्हणजे बूटही घालून बघितले आणि बिंदगीही काढली. यातून काय समजायचं? काकूंना विचारलं.

"मला काय विचारायलीस? तिला विचार की."

बरोबर आहे. तारीख मी ठरवली. बूट अप्पांनी घेतले. भज्जी करायचं काकूंनी ठरवलं. आई अजून चहाच करते आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोनवर बोलायला गेले तर ती म्हैस, शेंगा आणि माझं जेवण यांवर बोलेल आणि ठेवून देईल. म्हणून मेसेज लिहिला. मोठ्या अक्षरांत ती वाचते. पाठवला तसाच इथे उतरवते.

आई,

१९ तारीख मी तुला न विचारता धरली. त्या दिवशी येळवस आहे हे बघितलं नाही.

येळवस सोडून जाणं लहान गोष्ट नाही, हे मला कळतं. आलीस तर सकाळी पाणी ओसरलं की आपण चालायचं, दुखलं की बसायचं. वाटाड्याशी तसं बोलून ठेवलंय. भज्जी काकू करतील. घट्ट होईल. लोक खातील.

नाही आलीस तर मी तिकिटं रद्द करते आणि १८ लाच जळकोटला येते. चाकवत निवडते. भज्जी कालवायची कशी ते मला दाखव, मला येत नाही.

दोन्हींत कुणाचीच नाराजी नाही. अप्पांना विचारू नको, काकूंना विचारू नको. माझ्या रजेचाही विचार करू नको.

लातूरला खोली घेतली तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं. तू आलीस म्हणून मी शिकले. आता विचारते आहे. तुला जायचंय का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. रविवारपर्यंत, ३० तारखेपर्यंत, कळव.

भागू