मला उचलताना कोणी हसू नये

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण अर्धवट, धंदा मोबाइल दुरुस्ती, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने लिहीत आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. उद्या सकाळी माझं जठर कापून लहान करणार आहेत. माझ्या वजनाच्या माणसाला भूल देण्यात धोका जास्त, असं डॉक्टर आईसमोरच बोलले. म्हणून आजच लिहितो.

१. बँकेतली सर्व शिल्लक आईला. "मीच भरवत राहिले," असं ती ओट्यापाशी पुटपुटते. आई, तुझं काही चुकलं नाही. पोट भरलेलं असतानाही मी खायचो, कारण तेवढा वेळ डोक्यातली बडबड थांबायची. मग दुप्पट सुरू व्हायची.

२. लोखंडी खुर्ची बाबांना परत. ते वेल्डर. घरातली खुर्ची माझ्याखाली मोडली. सुट्टीच्या दिवशी त्यांनी ही बनवली आणि दादाला मांडीवर घेऊन स्वतः बसून पाहिलं. "बाबा, सोडा, लोक बघतायत!" दादा ओरडत होता. खुर्ची भंगारात घालू नये.

३. दुरुस्तीची हत्यारं दादाला. विकली तरी चालतील, त्याला नाहीतरी स्क्रू सापडत नाहीत.

४. वजनकाटा काकांना. प्रत्येक लग्नात स्वतःचं ताट दुसऱ्यांदा भरताना मला म्हणतात, "तोंडाला कुलूप लाव रे." त्यांनी त्यावर रोज चारचौघांत उभं राहावं.

५. "याच्याकडून दोन जागांची फी घ्या," असं भर वर्गात म्हणणाऱ्या सरांना काहीही नाही. मी बाक उलथवला आणि कॉलेज सोडलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी वर्गाबरोबर मीही हसलो होतो, ते कोणाला माहीत नाही. तेच अजून जाळतं.

६. मेलो तर उचलायला जास्त माणसं लागतील. ती पैसे देऊन आणावीत. उचलताना कोणी हसू नये, "बाप रे" म्हणू नये, फोटो काढू नये.

७. माझी स्कूटर, जी मी लोकांच्या नजरांमुळे चालवायची सोडली, ती शिलाईच्या दुकानातल्या तिला. त्या दुकानात माप घेणारा आकडा ओरडतो आणि दुसरा लिहितो. माझं माप तिने घेतलं, काही न बोलता टेबलापर्यंत गेली आणि स्वतः लिहिलं. तेव्हापासून गरज नसताना मी सदरे शिवून घेत सुटलो. इथे रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "बारीक झालास की पहिलं काय करशील?" म्हटलं, तिला लग्नाचं विचारेन.

कलम ७ मीच खोडलं आहे. त्याचं कारण लिहून ठेवतो.

मी बोलावलं म्हणून ती साक्षीदार व्हायला आली. दुसऱ्या साक्षीदार, वॉर्डातल्या सिस्टर, वाचून म्हणाल्या, "अहो, जिला काही देताय तिची साक्ष चालत नाही. आमच्या घरी असंच अडलं होतं."

"मग खोड ते," कलम ७ वाचून ती म्हणाली. "सही मी करणार. आणि विचारायचं ते आत्ता विचार. बारीक झालेल्या कुणाला मी ओळखत नाही."

सिस्टर सलाइनकडे बघत राहिल्या. मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या मनात दुसरा आहे. तो काही बारीक नाही, उगाच तिकडे डोकं लावू नकोस."

मी कागद फाडणार होतो. तिने माझं मनगट धरून ठेवलं, राग ओसरेपर्यंत. आजवर मला मिळालेला प्रत्येक नकार मी माझ्या अंगाच्या नावावर टाकला. हा मात्र माझ्या नावावर आहे. फार दुखतोय. पण उद्या मी आत जातोय ते हा कापून काढायला नव्हे, एवढं आता कळलं.

खाडाखोड माझ्याच हातची. वरील सर्व वाचून, समजून, दोघींसमोर सही केली.

सही: (लिहून देणारा)
साक्षीदार: शिवणकाम करणारी
साक्षीदार: वॉर्डातल्या सिस्टर
ठिकाण: रुग्णालय, खिडकीकडची खाट
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस