कोठी तिची, झाकण माझं

होसूर, रविवार

आदरणीय गुणवंतामामा यांस,

भाचा मंगेशचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. संत्र्याची बाग, तुमचे गुडघे अन् मामीचं बीपी (याच क्रमानं तुम्ही काळजी करता) ठीक असेल. मी इथं मजेत आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन स्पीकरवर असते अन् अख्खं बोरगाव ऐकते, म्हणून हा कागद.

माझी अन् अमिताची कोर्टातून फारकत झाली, आता सामानाची वाटणीही झाली, बरं झालं. यादीचा फोटो भेटला. पण मामा, ज्या वस्तूवर ज्याच्या माणसाचं नाव, ती वस्तू त्याची, ही अक्कल तुम्ही कायले पाजळली? अमिताच्या माहेरच्यांनी चमच्यापासून हंड्यापर्यंत सगळ्यावर नावं कोरून आणली होती. आपल्याकडच्यांनी दिले दुपट्टे अन् पाकिटं (पाकिटावरचं नाव टिकते का?). राहिले माझे चार दोस्त. त्यांनी एकमेकाले न विचारता चार घड्याळं दिली. म्हणजे तीन वर्षांच्या संसारातून मले भेटली चार घड्याळं, अन् एकाचा टाइम दुसऱ्याशी जुळत नाही. (तिचा काका रामाजी म्हणे बोलला, "जावयाले आता टाइमच टाइम आहे." बोलू द्या.)

पाचवी वस्तू, गव्हाच्या कोठीचं झाकण. कोठीच्या पोटावर तिच्या बाबाचं, रघुनाथरावचं नाव, म्हणून कोठी सौंसरले, तिच्या माहेरी गेली. मूळ झाकण मी चेपवलं होतं (बल्ब बदलायले चढलो होतो), म्हणून माझ्या आत्यानं पांढुर्ण्याहून नवं आणलं अन् त्याच्यावरही स्वतःचं नाव टाकून घेतलं. म्हणून झाकण माझं! पांढुर्ण्याच्या गोटमारीत झेंड्यासाठी दोन गावांत एवढे गोटे चालतात, पण तिथं निदान झेंडा एकच असते, मामा. त्याचे दोन तुकडे कोणी करत नाही.

तुम्ही लिहिलं, टेम्पोत चढवायच्या आधी अमितानं कोठीत वाकून पाहिलं. काय पाहिलं असेल? रिकामीच तर होती.

मले तिची आठवण बिलकुल येत नाही. ती म्हणायची, तुमचा पाय एका जागी ठरत नाही. खरंच आहे. सुरत, पुणे, आता होसूर, तिसरी कंपनी. खोलीत सहा पोट्टे, मराठी एकालेही येत नाही. काल भाजीत मीठ कमी होतं, माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अगं, मीठ दे." सगळे हसले. मीही हसलो. (मग बाहेर जाऊन उभा राहिलो.)

घड्याळं मामीले देऊन टाका. झाकण कोणाच्या हातानं सौंसरले पाठवा, तिच्या गव्हाले उंदीर लागतील.

तुमचा, आता एकदम मोकळा,
मंगेश

ता. क. झाकण पाठवू नका. ती मागायले आली तर सांगा, मंगेश पोळ्याले येऊन राहिला, त्याच्याच हातानं भेटेल.

ता. क. तोवर गहू उघडा राहील. मामीची मोठी परात पाठवा झाकायले. माझं नाव नका सांगू.

ता. क. तिनं नवं झाकण घेतलं असेल, तर मले कळवू नका.