दहा रेणू पाणी

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा स्वतःच्या मर्जीने दुखतो आणि मर्जीने थांबतो. तुझी भाची माझ्यापेक्षा उंच झालीय, आणि ते दिवसातून दोनदा ऐकवते. तुझ्या शिकवण्या चालू आहेत ना?

हसू नकोस, पण मी रेणुभार काढायला शिकलो. या वयात! रंगखात्यात, तुझ्या जुन्या जागेवर, नव्या केमिस्ट बाई आल्यात, वयाने माझ्या निम्म्या. कोठारात सामान तोलताना मी सहज विचारलं, "बाई, कागदावरचे हे आकडे तुम्ही आणता कुठून?" त्यांनी पिंपावरच खडूने मांडून दाखवलं. सोडियमचे दोन अणू, तेवीस दुणे सेहेचाळीस. कार्बनचा एक, बारा. ऑक्सिजनचे तीन, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बेरीज एकशे सहा. झाला धुण्याचा सोडा! ताई, एवढंच असतं? नऊ वर्षं ही पोती उचलतोय आणि आत काय आहे ते कधी विचारलं नाही. आता वेडच लागलंय. मीठ साडेअठ्ठावन्न, साखर तीनशे बेचाळीस. बायको म्हणते, "चहा ढवळताना काय पुटपुटताय?"

मग गेल्या आठवड्यात बाईंनी दुसऱ्या पोत्यावर हात ठेवला. "आणि हा?"

"सोडाच की. एकशे सहा."

"चुकलात. हा खड्यांचा. याच्या एकेका रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बसलेत. अठरा दाहे एकशे ऐंशी मिळवा."

दोनशे शहाऐंशी! मला पटेना. खडे हाताला कोरडे लागतात, पाणी आलं कुठून? "मग बघा करून," म्हणाल्या. दहा ग्रॅम खडे बशीत तापवले. आधी ते आपल्याच पाण्यात वितळले, मग खदखदले, आणि शेवटी पांढरी भुकटी उरली. तोलली, तर तीन पूर्णांक सात ग्रॅम. पुन्हा तोलली. तेवढीच.

बाई खूश होऊन हसत होत्या. मी मात्र खडूने पिंपावर भागाकार मांडला, दोनशे शहाऐंशीला एकशे सहाने.

आता खरं ते लिहितो.

आठ वर्षांपूर्वी निळ्या कापडाची ती अख्खी खेप डागाळून निघाली. साहेबांनी सगळ्यांसमोर तुझी वही आपटली आणि गणित चुकलं म्हणाले. तू ती पानं कितीदा तपासलीस! चूक सापडली नाही, तरी "असेल माझीच" म्हणून राजीनामा दिलास आणि पुन्हा कुठल्या कारखान्यात पाऊल टाकलं नाहीस.

त्या सकाळी खडे संपले होते. तुझ्या कागदावर 'सोडा, खडे' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी भुकटीचं पोतं फोडलं. नाव तेच, म्हणून वजनही तेवढंच दिलं. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट सोडा पडला आणि रंग एकसारखा बसला नाही. हे गणित तेव्हा मला येत नव्हतं, खरं आहे. पण पोतं बदललंय हे ठाऊक होतं. साहेब तुला बोलत होते तेव्हा मी दारातच उभा होतो. नोकरी तूच लावलेली, नवीन. घाबरलो आणि गप्प राहिलो.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. "आता कशाला उकरतोस?" म्हणाले. मी म्हटलं, "तिचं गणित बरोबर होतं, एवढं लिहून द्या." पाऊण तास वाद झाला. अखेर त्यांनी लिहिलं, सही केली. खाली मीही केली. तो कागद सोबत आहे. मला कोठारातून काढून धुलाईवर टाकलंय. त्याबद्दल तक्रार नाही.

आईला काल सांगितलं. तिने फक्त पाकीट मागून घेतलं आणि तुझा पत्ता स्वतः लिहिला.

केमिस्ट बाई विचारतात, तुमच्या ताईंना भेटायला कधी जाऊ? मी उत्तर दिलेलं नाही. ते तू द्यायचंस. मला रागाने चार ओळी लिहिल्यास तरी मी त्या जपून ठेवीन.

तुझा, अजून म्हणू देत असशील तर,
धाकटा